मुरवलेलं पाणी

हुस्नबानूच्या घरात मासे होते आणि ते खायचे नव्हते, ही गोष्ट बंदरमोहल्ल्याच्या पचनी पडायला काही वर्षं जावी लागली.

हा मोहल्ला मुरुडच्या उत्तरेला. डोंगराचा उतार संपतो आणि खाजण सुरू होतं, त्या चिंचोळ्या पट्टीत थोडीशी घरं. पुरुष बहुतेक आगबोटींवर. कुणी भट्टीपुढे कोळसा ओढणारा, कुणी खलाशी, एखादा नशीबवान सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्षाचे बरेचसे महिने गावात फक्त बायका, म्हातारे आणि पोरं. कोळ्यांची घरं शेजारच्याच पाखाडीत, त्यामुळे मासळी दारात चालत येई. सकाळी बोंबील, दुपारी जवळा, नशीब उघडलं तर सरंगा. अशा गावात इक्बाल सुखाणी चीनच्या फेरीवरून परतला तो काचेच्या बरणीत तीन जिवंत मासे घेऊन. ही एकोणीसशे अठ्ठावीसच्या आसपासची गोष्ट.

इक्बाल आगबोटीचं सुकाणू धरायचा. मोठ्या लाटेला न घाबरणारा माणूस, पण मुंबईहून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्याच्या बोटीत त्या दिवशी तो जीव मुठीत धरून बसला होता. मांडवा मागे पडला आणि बोट हेलकावू लागली. शेजारच्या उतारूंना ओकाऱ्या सुटल्या. हा आपला बरणीच्या तोंडावर तळहात दाबून गप्प. मुरुडला लहान पडावातून उतरताना पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याने बिछान्याची वळकटी हमालाकडे दिली आणि बरणी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

घरी आल्यावर ती हुस्नबानूसमोर ठेवून तो म्हणाला, "हाँगकाँगला लोक हे घरात ठेवतात. तुला करमत न्हाय म्हणतेस ना."

हुस्नबानूने बरणीत पाहिलं. पिकल्या सुपारीच्या रंगाचे तीन मासे, शेपट्या मलमलीच्या ओढणीसारख्या पातळ. तिला हसू आलं, मग थोडं रडूही. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि नवरा घरात असे तो पाहुण्यासारखा. तिने बरणी उचलून उन्हाच्या तिरिपेतून बाजूला ठेवली.

बरणी लहान पडणार हे तिच्या लगेच लक्षात आलं. बाजारात कंदील करणारा हिरामण होता, त्याच्याकडून तिने पेटी करून घेतली. पत्र्याची चौकट, चारही बाजूंना कंदिलाच्या काचेपेक्षा जाड काचा, कडांना फटी बुजवणारं लुकण, तळाला पाटीचा दगड. हिरामणने असलं काम कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा पेटी गळली, दुसऱ्यांदाही गळली. तिसऱ्यांदा त्याने ती रात्रभर पाण्याने भरून स्वतःच्या दुकानात ठेवली आणि सकाळी खालची फळी कोरडी बघितल्यावरच पाठवून दिली.

मग मोहल्ल्यातल्या बायका बघायला आल्या. पडवीत बसून त्यांनी मासे पाहिले आणि जो प्रश्न विचारायचा तोच विचारला, की कालवण कधी करणार. सासू अमिरुन्निसा हिनेही पहिले काही दिवस नाक मुरडलं. ज्या घरात मासळी रोज आणावी लागते त्या घरात मासळीला खाऊ घालायचं, ही कुठली रीत, असं तिचं म्हणणं. पण आपल्या सुकवलेल्या जवळ्याच्या डब्यातली चिमूट तीच रोज माशांना घालू लागली. जवळा बोटांनी चुरून पाण्यावर टाकला की सगळ्यांत मोठा मासा दोघांना ढकलून वर यायचा आणि घाईघाईने गिळायचा. अमिरुन्निसा म्हणायची, हा असाच खातो, अगदी इक्बालसारखा. थट्टेत सुरू झालेलं हे पुढे सवयीचं झालं. इक्बाल पुन्हा बोटीवर गेल्यावर म्हातारी सकाळी उठली की आधी पेटीपाशी जायची आणि विचारायची, "काय रे इक्बाल, झोप लागली का?"

माशांना पाणी लागे ते वेणूबाईच्या वाडीतल्या विहिरीचं. मोहल्ल्यातल्या विहिरी खाजणाच्या अंगाच्या, पाणी मचूळ. प्यायचं पाणी सगळ्याच बायका वेणूबाईच्या वाडीतून आणत. नारळी-पोफळीची मोठी वाडी, आणि वेणूबाई ती एकटी सांभाळणारी विधवा. बोलायला फटकळ, पाण्याला उदार. हुस्नबानू दोन-चार दिवसांनी पेटी रिकामी करी, काचा राखेने भांड्यांसारख्या लख्ख घासी आणि ताज्या पाण्याने भरी. पहिली दोन वर्षं मासे मजेत होते. त्रास फक्त तिला, डोक्यावर घागर, कडेवर कळशी, आणि चढाची वाट. तिशीच्या आतच तिची कंबर बोलू लागली होती.

म्हणून मोहल्ल्यात नळ आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

नळ आणला मकसूद शेठने. रंगूनच्या तांदळात नशीब काढून तो म्हातारपणी गावी परतला होता. गावच्या बायकांच्या डोक्यावरची घागर उतरवायची, असा त्याने हज करताना नवस केला होता म्हणतात. डोंगरात एक बारमाही झरा होता. तिथे त्याने दगडी टाकी बांधली, वर फरशांचं छप्पर घातलं, वाऱ्याला लाकडी जाळीच्या खिडक्या ठेवल्या आणि लोखंडी नळ मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत आणला. टाकीवर चांगदेव नावाचा माणूस नेमला. सकाळी चावी फिरवायची, संध्याकाळी बंद करायची, एवढं त्याचं काम. पहिल्या दिवशी बायकांनी नळाखाली हात धरून पाणी पाहिलं, एकमेकींवर उडवलं. मकसूद शेठ लांब उभा राहून डोळे पुसत होता.

वर्ष-दीड वर्ष सगळं ठीक चाललं. हुस्नबानू पेटीत नळाचं पाणी घालू लागली, आणि माशांनाही ते मानवलं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी वादळ झालं, वाड्यांतली झाडं पडली, दोन दिवस नळ बंद होता. पुन्हा सुरू झाला आणि महिना गेला असेल नसेल, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

हुस्नबानूने आधी मनावर घेतलं नाही. उकाडा आहे, म्हणून करत असतील असं तिला वाटलं. पण त्यांचे कल्ले आतून लालबुंद दिसू लागले, आणि मोठा मासा जवळा टाकला तरी येईना. तेव्हा तिने कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. पाणी बदललं. मासे आणखी सुस्तावले. तिने पेटी आणखी घासली, पाणी आणखी बदललं, रोज बदललं. एकदा पाणी उकळून निववून घातलं. ती जितकी काळजी घेई तितके ते कोमेजत. आणि एका सकाळी मोठा मासा कुशीवर होऊन तरंगत होता.

तो आधी अमिरुन्निसाने पाहिला.

म्हातारी ओरडली नाही. ती खाली बसली आणि बसूनच राहिली. तिने थट्टेत ठेवलेलं नाव त्या क्षणी तिच्या अंगावर आलं. इक्बालची बोट तेव्हा जपानच्या बाजूला होती. एरवी कुणी ना कुणी खलाशी मुंबईत उतरला की निरोप येई, की भेटला होता, बरा आहे. त्या वेळी बरेच दिवस कुणाचाच निरोप नव्हता. त्या समुद्रात त्या ऋतूत तुफानं होतात, हे मोहल्ल्यातल्या पोरांनाही ठाऊक. शेजारणी आल्या, माशाकडे बघून हळू आवाजात बोलल्या, आणि जाताना एकीने दारातच म्हटलं की घरात मुकं जनावर पाळू नये, ते घरावरचं अंगावर घेतं, नाहीतर पुढचं सांगून जातं.

हुस्नबानूने तो मासा फडक्यात गुंडाळून अंगणातल्या डाळिंबाखाली पुरला, हात धुतले, आणि सासूपुढे येऊन बसली.

"अम्मा, तो पाण्यानं मेला. नळाच्या पाण्यानं. समुद्राचा त्याच्याशी काय संबंध न्हाय."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक न्हाय. पण मी शोधून काढीन, मग तुमी माना."

हे ती बोलून गेली खरी. पुढे म्हातारपणी मला, शेजारघरच्या पोराला, सांगताना ती म्हणायची की तेव्हा तिला स्वतःलाच धीर हवा होता. पाण्यात दोष सापडला असता तर मासा पाण्यानेच मेला असं ठरलं असतं, नाहीतर मग इक्बालचं काय, हा विचार करवत नव्हता.

उरलेले दोन मासे तिने वेणूबाईच्या विहिरीच्या पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळा खाल्ला. एवढं तर उघड झालं. आता नळाच्या पाण्यात काय आहे ते बघायचं होतं. चव तिला कळेना, रंगही स्वच्छ. पण आंघोळीचा हंडा तापला आणि तिने झाकण काढलं तेव्हा वाफेबरोबर काहीतरी नाकात झोंबलं. पुसट, ओळखीचं. ती दुपारभर आठवत राहिली. मग लक्षात आलं. अंगणात कल्हईवाला बसतो, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाने फिरवतो, तेव्हा जो पांढरा धूर येतो त्याचा हा वास. शेळ्यांच्या गोठ्यातही पहाटे असाच येतो.

मुरुडच्या दवाखान्यात शिवदास नावाचे कंपाउंडर होते. चौलचे राहणारे, औषधं मिसळण्यात हात बसलेला, आणि एखादी गोष्ट विचारली की मनापासून सांगणारे. हुस्नबानू सासूचं सांधेदुखीचं औषध आणायला जाई तेव्हापासूनची ओळख. ती नळाच्या पाण्याची कळशी घेऊन गेली आणि वास कसा येतो ते तिने सांगितलं. शिवदास हसले नाहीत. म्हणाले, बघू या.

त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की तिला घरी करता आलं असतं. कोऱ्या कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायची. पाणी भांड्यात घ्यायचं, त्यात विड्याचा चुना कालवायचा, तापवायचं. वाफ येऊ लागली की हळदीची पट्टी ओली करून वाफेवर धरायची, भांड्याला लागू द्यायची नाही. नुसत्या वाफेने हळद पिवळीच राहते. त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर स्टोव्ह पेटला, आणि पट्टी बघता बघता तांबूस झाली. थोड्या वेळाने वाऱ्यावर धरली तर पुन्हा पिवळी झाली. मग शिवदासांनी दवाखान्याच्या विहिरीचं पाणी घेऊन तेच केलं. पट्टी पिवळीच्या पिवळी.

"ह्याला अमोनिया म्हणतात," शिवदास म्हणाले. "शेणमुतातून येतो. तुमच्या टाकीत काहीतरी पडतंय, भाबी."

तिने विचारलं की मग आम्ही कसे पितो, आम्हाला का काही होत नाही. त्यावर ते म्हणाले की एवढ्याने माणसाला फारसं काही होत नाही, तरी उकळून प्या. पण माणूस पाणी पितो, मासा पाण्यातच श्वास घेतो. धुराच्या खोलीत आपल्याला कोंडलं तर जे होईल ते त्याचं झालं.

हुस्नबानूने ती पट्टी घरी आणून पुन्हा सगळा प्रयोग सासूसमोर केला. हळद लाल झालेली अमिरुन्निसाने पाहिली. ती उठली, चपला शोधू लागली. टाकी बघायला जायचं म्हणाली.

गुडघे दुखतात म्हणून जी बाई अंगणाच्या कडेला जात नसे, ती सुनेच्या खांद्यावर हात ठेवून डोंगर चढली. वाटेत चार वेळा बसली, प्रत्येक वेळी परत फिरू म्हणाली आणि प्रत्येक वेळी पुढे निघाली. टाकीपाशी चांगदेव विडी ओढत बसला होता. दोन बायका येताना पाहून तो गडबडून उभा राहिला. हुस्नबानूने त्याला टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. त्याने उघडलं, आणि आतून आधी वास आला, मग फडफड. वादळात नारळाची झापं येऊन मागच्या बाजूची लाकडी जाळी फुटली होती. ती बाजू झुडपात, कुणाच्या नजरेला न पडणारी. आत छपराच्या फरशीला वटवाघळं लोंबत होती, ओळीने, वाळत घातलेल्या काळ्या चिंध्यांसारखी. त्यांची विष्ठा पाण्यात पडत होती.

चांगदेवचं तोंड उतरलं. तो चावी फिरवायचा, ती बाहेरून. आत बघायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नव्हतं. अमिरुन्निसा एका दगडावर बसली होती. तिने वर पाहिलं, त्या चिंध्यांकडे, बराच वेळ. मग तिने मोठा श्वास सोडला आणि चांगदेवला म्हणाली, "घाबरू नको. वटवाघळं हायत. नुसती वटवाघळं."

ती हे चांगदेवला सांगत नव्हती, हे हुस्नबानूला कळलं. उतरताना म्हातारी एकदाही बसली नाही.

मकसूद शेठला कळल्यावर तो त्याच दिवशी काठी टेकत वर गेला. टाकी रिकामी करून धुतली, जाळीच्या जागी तारेची चाळण बसवली. पाणी सुधारलं, पण पूर्ण नाही. तळच्या दगडांच्या फटींत जे मुरलं होतं ते हळूहळू सुटत राहिलं, आणि वटवाघळं चिवट, कुठून ना कुठून परत शिरत. हळदीची पट्टी पूर्वीसारखी लाल होईना, पण पिवळीही राहीना. नळ तर सोडवत नव्हता. वेणूबाईच्या वाडीची वाट हुस्नबानूच्या कंबरेला आता झेपत नव्हती.

एका दुपारी ती दोन माशांसाठी घागर घेऊन वाडीत गेली आणि विहिरीपाशी दम खात बसली. तिथे गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती. बैल पीत होते, त्यांची लाळ पडत होती, मधूनच शेणही. तरी डोणीतल्या पाण्याला घाण नव्हती, आणि तळच्या गोट्यांमधून, शेवाळाच्या दाटीतून, ओढ्यातले बारीक मासे लुकलुकत होते. कुणी सोडलेले नव्हते, पाटाच्या पाण्याबरोबर कधीतरी आलेले. हुस्नबानू बघत राहिली. मग तिने वेणूबाईला विचारलं की ही डोण तुम्ही केव्हा घासता.

"घासत नाही कधी," वेणूबाई म्हणाली. "मागं एक नवा गडी ठेवला होता. शहाणपणा करून त्यानं डोण काथ्यानं घासली, गोटे काढून उन्हात टाकले. पुढं पंधरवडा पाण्याला वास सुटला, बैल तोंड लावीनात. डोणीला तिचं बुळबुळीत असू द्यावं. ते पाणी सांभाळतं."

हुस्नबानूला घरची पेटी आठवली, राखेने लख्ख घासलेली. तिने त्या काचांवर एक ठिपका कधी राहू दिला नव्हता. तिच्या सासूने शिकवलेली स्वच्छता, तिच्या आईने शिकवलेली. ती उठून डोणीत हात घालू लागली तशी वेणूबाईने विचारलं की काय हरवलं. हुस्नबानू म्हणाली की गोटे हवेत, आणि शेवाळ, आणि ते बुळबुळीतही हवं. वेणूबाईने कपाळाला हात लावला, मग स्वतःच सुपारीचं रुंद, द्रोणासारखं पोय आणून त्यात ओले गोटे भरून दिले आणि सांगितलं की वाळू देऊ नकोस, वाळले की मेले.

परसात एक जुना रांजण होता, गळ्याशी तडा गेलेला. त्यात तिने ते गोटे घातले, वर शेवाळाचे झुबके सोडले आणि नळाचं पाणी भरलं. रोज थोडं ढवळायचं, दिवसभर ऊन लागेल असा ठेवायचा. पहिले काही दिवस हळदीची पट्टी तांबूसच येत राहिली. ती धीर धरून होती. लोणचं घातल्यावर बरणी रोज उघडून बघतात का, असं तिने सासूला म्हटलं, आणि तरी रोज बघत होती. दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी चुना कालवला, पाणी तापवलं, पट्टी धरली. पिवळी. तिने दुसरी पट्टी धरली. तीही पिवळी.

मग तिने रांजणातलं पाणी थोडं थोडं करून पेटीत घातलं. पेटी सबंध रिकामी करायची नाही, काचेची फक्त पुढची बाजू पुसायची, तळाला रांजणातले मूठभर गोटे, कोपऱ्यात शेवाळ. मासे आधी बुजले, शेवाळात दडून बसले. दुसऱ्या दिवशी बाहेर आले आणि गोट्यांवर तोंड मारत हिंडू लागले. अमिरुन्निसाने जवळा चुरला. या वेळी तिने कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं "खा" म्हणाली.

शिवदासांना तिने निरोप धाडला तेव्हा ते एका रविवारी स्वतः बघायला आले. रांजणात डोकावले, पट्टी लावून पाहिली, आणि खूश झाले. दवाखान्यातल्या पुस्तकात पाणी वाळूतून गाळण्याबद्दल काही लिहिलेलं आहे, ते नीट वाचून सांगतो म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं की गोट्यांवरच्या त्या बुळबुळीत थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते अमोनिया खाऊन टाकतात, उरलेलं शेवाळ ओढून घेतं. हुस्नबानूला ही गोष्ट फार आवडली. म्हणजे रांजणातही पाळलेली जनावरंच, फक्त ती दिसत नाहीत, असं ती बायकांना सांगू लागली.

इक्बालचा निरोप त्यानंतर आला. बोट दुरुस्तीसाठी परक्या बंदरात अडकून पडली होती, माणसं सगळी सुखरूप होती. निरोप घेऊन आलेल्या खलाशाला अमिरुन्निसाने दोन वेळा जेवू घातलं. थंडीत इक्बाल स्वतः आला. मोठा मासा गेल्याचं सांगताना हुस्नबानू अडखळली, पण त्याआधीच म्हातारीने डोंगर चढल्याची हकीकत सुरू केली होती, आणि ती ऐकताना इक्बालला माशाची चौकशी करायला सवडच मिळाली नाही. आपली आई टाकीपर्यंत गेली, यावर त्याचा विश्वास बसेना. तो दुसऱ्या दिवशी चांगदेवला विचारून आला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पेटीतल्या शेवाळाला साबुदाण्याहून बारीक, चिकट मणी लागलेले दिसले. हुस्नबानूने ते झुबके अलगद काढून एका परातीत ठेवले, रांजणाच्या पाण्यात. काही दिवसांनी परातीत डोळे फिरू लागले. फक्त डोळे, बाकी अंग काचेसारखं. सगळे जगले नाहीत, पण जे जगले ते आधी मातकट आणि मग उन्हाळा सरता सरता पिकल्या सुपारीच्या रंगाचे झाले.

आता कालवणाचं विचारणाऱ्या बायका भांडी घेऊन येऊ लागल्या. हिरामणकडे पेट्यांची मागणी सुरू झाली. त्याने आता गळती होऊ न देण्याची युक्ती काढली होती आणि ती तो कुणाला सांगत नसे. ज्या घरात मासे गेले त्या घरात हुस्नबानू आधी एक मडकं ठेवायला लावी, त्यात आपल्या रांजणातले दोन गोटे घाली, आणि बजावून सांगे की मडकं घासायचं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांना माशापेक्षा हेच अवघड गेलं. न घासलेलं भांडं परसात ठेवायचं म्हणजे जीव वरखाली होई. केसर नावाची कोळीण टोपली घेऊन दारावर येई, तिलाही हुस्नबानूने दोन मासे दिले. केसरने ते घरी नेले आणि तिच्या नवऱ्याने आठवडाभर विचारलं की हे मोठे कधी होणार. मग त्यानेही विचारायचं सोडलं आणि संध्याकाळी जाळं दुरुस्त करताना मडकं शेजारी ओढून घेऊ लागला.

मकसूद शेठने टाकीचा तळ आणि छपराच्या फरशा पुढे नव्याने बसवून घेतल्या. नळाचं पाणी अगदी निर्मळ झालं. हळदीची पट्टी आता थेट नळाच्या पाण्यावरही पिवळी राही. तरी हुस्नबानूने रांजण मोडला नाही. पाऊस जोराचा झाला, डोंगरातून पाला वाहून आला, की पाण्याचा भरवसा नसे, असं ती म्हणायची. मला वाटतं, तिला त्या रांजणाची सोबत झाली होती.

अमिरुन्निसा छत्तीस साली गेली, पिकलं पान गळावं तशी, पेटीशेजारच्या खाटेवर. शेवटचे काही महिने तिला उठवत नव्हतं. उशीवर मान कलती करून ती माशांकडे बघत पडून राही. हुस्नबानू जवळा तिच्या बोटांत देई आणि तिचा हात पाण्यावर धरी.

त्यानंतर वर्षभरात इक्बालने बोट सोडली. डोळ्यांना रात्रीचं नीट दिसत नव्हतं, आणि सुकाणू धरणाऱ्याला ते चालत नाही. तो कायमचा घरी आला, आणि पहिले काही महिने घराला आणि त्याला एकमेकांचा त्रास झाला. तो पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारी. वारा कुठला आहे ते सगळ्यांना सांगे. दुपारी बंदरावर जाई आणि लगेच परत येई. हुस्नबानूने इतकी वर्षं घर एकटीने चालवलेलं, तिला कुणी मधे मधे विचारलेलं आवडेना. आणि त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

एका सकाळी ती नमाज आटोपून आली तर हा पेटीपाशी उभा, हातात नळाच्या पाण्याने भरलेला तांब्या. पेटी भरायला निघाला होता. तिला बघून तो थांबला. मग म्हणाला, "हे चालतं का गं?"

इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच असं विचारलं होतं, की मला माहीत नाही, तू सांग. हुस्नबानूने तांब्या त्याच्या हातातून घेतला, पण पाणी ओतून टाकलं नाही. ती त्याला परसात घेऊन गेली. रांजणापाशी बसवलं, त्याचा हात धरून आत घातला आणि तळच्या गोट्यांना लावला.

"बुळबुळीत लागतंय," तो म्हणाला.

"लागू द्या. त्याला घासायचं न्हाय. पाणी आधी ह्यात ओतायचं, मग दोन दिवस थांबायचं."

"आणि दोन दिवस मी काय करू?"

तिने तांब्यातलं पाणी रांजणात ओतलं आणि म्हणाली की हळद संपली आहे, बाजारातून आणा, पट्ट्या करायच्या आहेत. तो लगेच उठला. चपला घालून फाटकापर्यंत गेला, मग परत येऊन किती आणू म्हणून विचारलं. ती रांजणाच्या कडेवर हात ठेवून हसत होती. म्हणाली, कितीही आणा. आता दोघं आहोत लावायला.